उरलेली मांजरं

मराठीत गाय सांभाळतात, कुत्रा पाळतात आणि मांजर नुसतं असतं. ‘आमच्याकडे मांजर आहे’ असं सांगणाऱ्या घराला ते दुपारी कुठे जातं, आणखी कोणाकडे दूध पितं, याची चौकशी करावीशी वाटत नाही. साताऱ्यातले जुने वाडे असोत, सांगलीचा गावभाग असो की दोन्ही जिल्ह्यांतली खेडी, भाटी माळ्यावर विते, पिलांना सात घरं फिरवते आणि उंदीर आहेत तोवर तिच्या येण्याजाण्याला कोणी हरकत घेत नाही. पिलं फार झाली की एखाद्या संध्याकाळी ती पोत्यात भरून बाजाराजवळ किंवा ओढ्यापलीकडे सोडून देतात. त्यात काही वाईट केलं असंही कोणाला वाटत नाही, कारण मांजर आपलं पोट आपण भरतं हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. जे मांजर आंधळं आहे, ज्याची मागची बाजू गाडीखाली सापडली आहे किंवा जे म्हातारं होऊन दात गमावून बसलं आहे, त्याच्यासाठी या सैल करारात कलम नाही. अशा मांजराला घर मिळावं का, ते कोणी द्यावं आणि त्यावर पैसा व श्रम घालणं शहाणपणाचं आहे का, हे प्रश्न आधी मुंबई-पुण्यात विचारले गेले आणि आता जिल्ह्याच्या गावांतही विचारले जात आहेत. ‘विशेष गरजांची मांजरं’ असा एकच गट मानून वाद घातला की बाजू एकमेकींना भेटतच नाहीत. गरज कशी आहे, किती दिवस टिकणार आहे आणि ती रोज कोणाच्या हातून भागणार आहे, याप्रमाणे निदान तीन वेगळे गट पडतात. प्रत्येक गटापुरतं पाहिलं तर वादातला बराच गुंता सुटतो, हे या आढाव्यात दाखवायचं आहे.

दत्तक आणि पांजरपोळ

दत्तक हा शब्द साताऱ्याला नवा नाही. १८४८ मध्ये शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब वारले. त्यांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने मान्य केला नाही आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. त्या दत्तकामागचा हेतू वंश, गादी आणि पिंडदान यांचा होता, म्हणजे येणाऱ्याने घराचं काही चालवायचं होतं. मांजराच्या बाबतीत हा शब्द उलटा वापरला जातो. येणारा जीव घरासाठी काहीच करणार नसतो, आंधळा असला तर उंदीरही मारणार नसतो. आणखी एक फरक आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे एकदा रीतसर झालेलं दत्तविधान मोडता येत नाही, मांजर मात्र परत करता येतं. ते परत घ्यावं की नाही यावर मांजरं सोपवणाऱ्या लोकांत आजही दोन मतं आहेत. ‘परत करता येणार नाही’ अशी अट घातली की लोक दत्तकालाच बिचकतात आणि अट काढली की हौस फिटल्यावर पिंजरा पुन्हा दारात येतो.

निरुपयोगी जनावर पोसण्याची कल्पना मात्र या मुलखात जुनी आहे. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या हुकुमावरून मुंबईत दंगल झाली आणि दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाली. आपल्या भागात २००३ पासून ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था सोलापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात उसाच्या गाड्या ओढणारे बैल, वीटभट्ट्यांवरची गाढवं अशा राबणाऱ्या जनावरांसाठी काम करते. थकलेल्या बैलांसाठी तिने आश्रयस्थानही चालवलं आहे. म्हातारा बैल पोसावा हे इथल्या शेतकऱ्याला पटवून द्यावं लागत नाही, परवडत नाही एवढीच त्याची अडचण असते. बैलाने नोकरी केलेली असते, म्हणून त्याचं पेन्शन समजतं. मांजराची नोकरी कोणी लिहूनच ठेवली नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय-म्हशीपासून याक, ससा आणि हत्तीपर्यंत रकाने होते, कुत्र्याचाही होता, मांजराचा नव्हता. त्यामुळे सातारा किंवा सांगली जिल्ह्यात मांजरं किती, या पहिल्याच प्रश्नाला सरकारी उत्तर नाही. त्यांतली अधू किती, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

कायद्याचंही असंच आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ साली त्या रकमेला काही वजन असेल, आता तेवढ्यात मांजराच्या एका वेळच्या गोळ्याही येत नाहीत. २०१७ चे प्रजनन व विक्रीचे नियम कुत्र्यांपुरते आहेत आणि २०२३ च्या जन्मनियंत्रण नियमांचा रोखही मुख्यतः कुत्र्यांवरच आहे. त्यामागे कारण आहे. माणसांना चावणाऱ्या, रेबीजच्या भीतीच्या केंद्रस्थानी असलेल्या जनावराकडे आधी लक्ष जाणार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री आश्रयगृहांत हलवायला सांगितलं आणि नंतर तो आदेश बदलला, त्यातूनही हे पुन्हा दिसलं. मांजर उपद्रवी नाही, म्हणूनच ते धोरणात नाही.

मागे कोण राहतं

पहिल्या गटातल्या मांजरांना खरं तर काहीच झालेलं नसतं. ती काळी असतात, मोठी झालेली असतात किंवा बुजरी असतात. दत्तक घेणाऱ्याला दोन महिन्यांचं, शक्यतो पांढरंभुरं किंवा तिरंगी पिल्लू हवं असतं. सहा महिन्यांचा काळा बोका पिंजऱ्यातच उरतो. आपल्याकडे याचा दोष आडव्या जाणाऱ्या मांजराच्या समजुतीला दिला जातो, पण पुरावा इतका सरळ नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत काळ्या मांजरांना घर मिळायला सर्वाधिक दिवस लागल्याचं दिसलं. २०२० मध्ये तिथल्याच एका शहरी आश्रयगृहातल्या सुमारे आठ हजार मांजरांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा काळ्यांची स्थिती इतरांपेक्षा वाईट निघाली खरी, पण फरक लहान होता. त्याशिवाय काही जाणकारांचं म्हणणं असं की काळी मांजरं मुळातच जास्त जन्मतात, म्हणून पिंजऱ्यात उरलेल्यांतही तीच जास्त दिसतात. अंधश्रद्धेपेक्षा गणिताचा वाटा मोठा असू शकतो. वयाबद्दल मात्र असा संशय नाही. पिल्लू आधी जातं, मोठं मागे राहतं, हा सगळीकडचा अनुभव आहे. गंमत अशी, की मोठ्या मांजराचा स्वभाव घेणाऱ्याला आधीच कळतो. पिल्लू म्हणजे बंद पाकीट, तरी पसंती पाकिटालाच.

दुसऱ्या गटातल्या मांजराचं काहीतरी कायमचं गेलेलं असतं, पण जे गेलं त्याची भरपाई शरीराने केलेली असते. रस्त्यावरच्या पिलांचे डोळे जातात ते बहुतेक वेळा अपघाताने नव्हे, तर नागीण-विषाणूच्या जातीतल्या एका विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीने. डोळे चिकटतात, आत पू होतो, बुबुळ फुटतं आणि डोळा काढावा लागतो. वेळीच मलम पडलं असतं तर तो वाचला असता. शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्याचं मांजर बाकीच्या मांजरांसारखंच जगतं. पूर्ण आंधळं मांजरही घरातल्या वस्तू हलवल्या नाहीत तर मिशांच्या आणि वासाच्या आधारे निर्धास्त फिरतं. तीन पायांचं मांजर काही आठवड्यांत उड्या मारायला लागतं. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत साधारण ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात. रंगपेशींचा आणि कानाच्या वाढीचा संबंध हे त्याचं कारण. निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात हे डार्विनने १८५९ मध्येच नमूद केलं होतं. लोक याच मांजराला सुंदर म्हणून हौसेने नेतात आणि हाक मारल्यावर येत नाही म्हणून माजोरडं ठरवतात. याच गटात डुलत, लडखडत चालणारी पिलं येतात. भाटी गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार झाला तर पिलांचा लहान मेंदू नीट वाढत नाही. चाल पाहून विष खाल्लं असावं असं वाटतं, पण हा दोष पुढे वाढत नाही आणि पिल्लाला वेदनाही नसतात. या सर्वांचा खर्च एकदाच होतो. पुढे लागतं ते बंद दार, म्हणजे मांजर घरातच राहील अशी व्यवस्था.

तिसरा गट रोजच्या कामाचा. मणका मोडलेल्या मांजराची लघवी दिवसातून दोन-तीनदा हाताने पोट दाबून काढावी लागते. एक दिवस चुकला तरी मूत्राशयाला संसर्ग होऊ शकतो. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या म्हाताऱ्या मांजराला कातडीखाली सलाइन द्यावं लागतं, मधुमेही मांजराला रोज ठरल्या वेळी इन्सुलिन. इथे दया पुरत नाही. शिकलेला हात आणि घरात कोणीतरी असणं लागतं.

विषाणूबाधित मांजरं दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मध्ये बसतात. मांजरांच्या रक्तकर्करोगाचा विषाणू १९६४ मध्ये ग्लासगोत विल्यम जॅरेट यांनी शोधला. प्रतिकारशक्ती खच्ची करणारा दुसरा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. एड्सच्या विषाणूचा तो लांबचा नातेवाईक, म्हणून त्याची दहशत मोठी, पण तो माणसाला होत नाही आणि मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. नसबंदी झालेली, न भांडणारी मांजरं एकत्र राहिली तर लागण क्वचित होते, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं आहे. असं मांजर वर्षानुवर्षं ठीक राहू शकतं. पहिल्या विषाणूबाबत इतकं आश्वासन देता येत नाही. तो लाळेतून पसरतो आणि आयुष्य बरंच कमी करतो. तरी चाचणीच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं की दोघांना एकाच तागडीत तोललं जातं.

चार भूमिका

सर्वांत भक्कम आक्षेप नसबंदीला अग्रक्रम देणाऱ्यांचा आहे. मांजरी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षात दोनतीनदा वेत होतं. एका मोडलेल्या मांजरावर जेवढा पैसा जातो, तेवढ्यात कित्येक भाट्यांची शस्त्रक्रिया होते आणि पुढची कितीतरी अधू पिलं जन्मालाच येत नाहीत. डोळे जाणारी, लडखडणारी पिलं ही बेसुमार पैदास आणि लसीचा अभाव यांचंच फळ असल्याने हे म्हणणं मुळावर घाव घालणारं आहे. याला नेहमी दिलं जाणारं उत्तर असं, की एका मांजरासाठी पैसे देणाऱ्या माणसाने ते नसबंदीसाठी दिले असतेच असं नाही. ते खरं आहे, पण अपुरं. पैशापेक्षा दुर्मीळ असतात ते पिंजरे आणि माणसांचे तास. अर्धांग झालेलं मांजर सहा महिने एक पिंजरा अडवतं, तेव्हा त्या जागी शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस ठेवता आली असती अशी मांजरं परत पाठवावी लागतात. म्हणजे हा आक्षेप तिसऱ्या गटाला नेमका लागू होतो. पहिल्या दोन गटांना मात्र तो उलटा लागू होतो, कारण काळं किंवा एकाक्ष मांजर जितक्या लवकर घरी जाईल तितका पिंजरा लवकर मोकळा होतो. नसबंदीवाल्यांनी या मांजरांच्या दत्तकाचा पुरस्कार करायला हवा, तो ते करताना फारसे दिसत नाहीत.

दुसरी भूमिका प्रत्येक जिवाची. ज्याला वाचवता येतं त्याला वाचवावं, हिशेब करू नये. २०१४ च्या नागराजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला, त्यात भूक-तहान आणि वेदना-आजार यांपासून मुक्तता येते. तो निकाल बैलगाडा शर्यतींविषयीचा होता, म्हणून आपल्या भागात तो वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. या भूमिकेचं बळ असं, की ती माणसाला कामाला लावते. तिची कमजोरी, की ‘वाचवलं’ हा शब्द ती शस्त्रक्रियेपाशी थांबवते. पुढच्या बारा वर्षांचा प्रश्न ती पुढच्या माणसावर ढकलते.

तिसरी बाजू म्हणते, मांजर आहे तिथेच राहू द्या, खायला घाला, औषध द्या, उगाच उचलू नका. मांजराची ओढ माणसापेक्षा जागेकडे असते, हे निरीक्षण चुकीचं नाही. दुकानदाराच्या फळीखाली दहा वर्षं झोपलेल्या बुजऱ्या बोक्याला फ्लॅटमध्ये नेणं ही त्याच्यावरची सक्ती ठरेल. बहिऱ्या मांजराला मात्र मागून येणारी दुचाकी ऐकू येत नाही, कुत्रंही नाही, आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या वस्तीत बिबट्याही नाही. सांगलीत नदीकाठची गोष्ट आणखी वेगळी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णेचं पाणी वस्तीत शिरलं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर गेलं. धडधाकट मांजर पत्र्यावर चढतं. मागचे पाय नसलेल्याला कोणीतरी उचलूनच न्यावं लागतं, आणि गुरांसाठी छावण्या निघतात तशी मांजरासाठी निघत नाही.

चौथी भूमिका लोक दबक्या आवाजात मांडतात: बरं न होणाऱ्या मांजराला वेदनारहित मरण द्यावं. कायद्यात याला वाव आहे. ज्या प्राण्याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल, त्याला मारण्याची तरतूद १९६० च्या कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. समाजमनात मात्र मांजर मारणाऱ्याने काशीला सोन्याचं मांजर वाहावं ही समजूत खोल आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववलं, तेव्हा त्यांच्यावर जी टीका झाली तिच्यातले मुद्दे आजही तेच आहेत. या भूमिकेचा गैरवापरही होतो. पाय कापावा लागेल असं कळताच ‘सोडवून टाका’ म्हणणारे असतात, आणि ते मांजर दुसऱ्या गटातलं असतं. उलट तिसऱ्या गटातल्या काही मांजरांना महिनोन्महिने व्रणांसह जगवणं हे करुणेच्या नावाखाली निर्णय टाळणं असतं. कोणतं मांजर कुठल्या बाजूला, हे डॉक्टरने सांगायचं आहे, आणि इथेच जिल्ह्याची अडचण सुरू होते.

घेणाऱ्याची बाजू

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची मांडणी गाय, म्हैस, शेळी यांच्याभोवती आहे, आणि दुधावर चालणाऱ्या जिल्ह्यांत ती तशी असणं रास्त आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते साताऱ्याहून साठेक किलोमीटरवर, सांगलीहून त्याच्या तिप्पट. एकदाच्या शस्त्रक्रियेसाठी हे अंतर कापता येतं, दर आठवड्याच्या तपासणीसाठी नाही. त्यामुळे दुसऱ्या गटातलं मांजर इस्लामपूर किंवा वाईच्या घरातही नीट राहू शकतं. तिसऱ्या गटातल्याला खाजगी डॉक्टर जवळ असलेलं शहर लागतं. मुंबईत दत्तक मेळावे भरतात, पुण्यात ‘रेस्क्यू’सारखी संस्था २००७ पासून उपचारांचं काम करते. तिथला नमुना जसाच्या तसा इथे उचलता येत नाही, तो या कारणाने.

कुटुंबांचे आक्षेपही नीट ऐकायला हवेत. घरात गरोदर सून असेल तर टॉक्सोप्लाझ्माची भीती खरी आहे, पण तिला उपाय साधा आहे. मांजराच्या विष्ठेतले जंतू बाधक व्हायला निदान एक दिवस जातो, तेव्हा वाळूचा ट्रे दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केला की धोका फार कमी होतो. शाकाहारी स्वयंपाकघराचा आक्षेप यापेक्षा अवघड आहे. मांजराचं शरीर टॉरिन हे द्रव्य पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतून मिळतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय बिघडतं. दूधभातावर ठेवलेलं मांजर बाहेर उंदीर मारून ही तूट भरून काढतं. आंधळं मांजर घरात कोंडून दूधभातावर ठेवलं तर त्याच्या आजारात आपणच भर घालतो. ज्या घरात अंडंही शिजत नाही त्यांनी तयार खाद्य आणायची तयारी ठेवावी, नाहीतर अशा मांजराला नकार देणंच प्रामाणिक. फिनाईलने फरशी पुसणं आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देणं, या आपल्या दोन नित्याच्या गोष्टी मांजराला विषारी आहेत. दत्तकपत्रावरच्या गोड वाक्यांऐवजी एवढ्या दोन ओळी छापल्या तरी पुष्कळ.

अनिर्णित

दत्तक गेल्यानंतर मांजराचं काय होतं, याचा माग ठेवण्याची रीत अजून रुजलेली नाही. किती दिली हा आकडा सांगितला जातो, वर्षभराने किती त्याच घरात आहेत हा विचारला जात नाही. दुसरा न सुटलेला प्रश्न पर्शियन मांजरांचा. चपटं नाक, सतत वाहणारे डोळे, गुंता होणारे केस आणि मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक धोका घेऊन जन्मलेलं हे मांजर महाग मिळतं, आणि तीनचार वर्षांनी फुकट देऊ केलं जातं. त्यालाही ‘विशेष गरजेचं’ म्हणून दयेवर घर शोधायचं की पैदाशीवर आधी नियम मागायचे, यावर एकमत नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. नोंदणीने सोडून देणाऱ्याचा माग लागेल असं काहींना वाटतं, तर काहींच्या मते नोंदणीच्या भीतीने सैल करारातली मांजरंही कोणी आपली म्हणणार नाही.

तिसरा प्रश्न वयाचा आहे आणि तो साताऱ्यासारख्या पेन्शनरांच्या गावाला जवळचा आहे. म्हाताऱ्या मांजराला शांत घर, ठरलेल्या वेळा आणि दिवसभर कोणीतरी घरात असणं लागतं, आणि हे नेमकं सेवानिवृत्त माणसांकडे असतं. तिसऱ्या गटातल्या काही मांजरांनाही अशीच घरं सर्वांत योग्य. पण घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. सत्तरीच्या जोडप्याने आठ वर्षांचं मांजर घेतलं तर आधी कोण जाईल हे सांगता येत नाही, मुलं पुण्यात किंवा परदेशात असतात आणि त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांजराला परवानगी नसते. मालकी संस्थेची आणि सांभाळ घराचा, असा एक तोडगा सुचवला जातो. त्यासाठी वीस वर्षं टिकेल अशी संस्था लागते, आणि दोन्ही जिल्ह्यांतलं मांजरांचं बरंचसं काम एकेकट्या माणसांच्या खांद्यावर उभं आहे. ती माणसंही हळूहळू त्याच वयाकडे चालली आहेत. तेव्हा दत्तकपत्रावर मालकाच्या खाली दुसरं नाव कोणाचं लिहून घ्यायचं, ती जागा सध्या कोरी आहे.